‘लक्ष देत नाही’ एवढंच लिहून भागणार नाही



नेहमी आपण इथे एखादा पाठ, कृती किंवा उपक्रम बघतो. आज विषय जरा वेगळा आहे. वर्गातल्या ‘त्या’ मुलाबद्दल बोलायचंय. तो मुलगा कोण ते तुम्हाला सांगायची गरज नाही. प्रत्येक वर्गात एकदोन असतातच.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. त्यात एक मुलगा होता. परिपाठाला रांगेत उभा केला की दोन मिनिटांत तिसऱ्या रांगेत सापडायचा. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर ओरडायचा, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असायचं. पण वहीत तीन शब्द लिहिले की उठला. रोज एक पेन्सिल हरवायची. दुसऱ्यांच्या पेन्सिली घ्यायचा म्हणून तक्रारी वेगळ्याच. एक दिवस वैतागून मी त्याच्या वहीत लाल पेनने लिहिलं, ‘वर्गात लक्ष देत नाही. पालकांनी समज द्यावी.’

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा पोटऱ्यांवर वळ होते. जवळ येऊन म्हणाला, “बाई, वहीत लिहू नका ना. मी बसतो.” आणि खरंच बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, जबरदस्तीने. जेमतेम दहा मिनिटं बसला असेल, मग परत उठला. उठल्यावर माझ्याकडे असं बघितलं की मला फळ्याकडे तोंड करावं लागलं.

त्याच्या आईला बोलावून घेतलं. मी म्हटलं, “ताई, याला मारून उपयोग नाही. एकदा डॉक्टरांना दाखवा.” ती म्हणाली, “दाखवतो की बाई. पण नक्की कुठं जायचं? कुठल्या डॉक्टरला? आणि सांगायचं काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डीएडला बालमानसशास्त्र शिकले होते, पेपरही चांगला गेला होता. पण हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे त्या बाईंबरोबर जे शिकले, ते आज लिहितेय. माझं मतही सांगून टाकते. निदान करणं शिक्षकाचं काम नाही, पण ‘आमचं काम नाही’ म्हणून गप्प बसणं हीसुद्धा चूक आहे.

हे आहे तरी काय?

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्यात कमतरता आणि अतिचंचलता. मेंदूच्या वाढीशी संबंधित ही अवस्था आहे. ती आईच्या लाडाने होत नाही, वडिलांचा धाक कमी पडला म्हणूनही होत नाही. बऱ्याच घरांत आनुवंशिकतेचा भाग दिसतो. जगभरातल्या अभ्यासांतून साधारण ५ टक्के मुलांमध्ये ती आढळते, म्हणजे ४० च्या पटात सरासरी दोन मुलं.

सगळी मुलं एकसारखी नसतात. काही मुलं फार हलतात, घाई करतात, मध्ये बोलतात. काहींचं फक्त लक्ष टिकत नाही, ती जागेवर शांत बसलेली असतात. काहींमध्ये दोन्ही असतं. मुलींमध्ये शांत प्रकार जास्त दिसतो, म्हणून त्या सुटून जातात. माझ्याच वर्गात खिडकीजवळ बसणारी एक मुलगी होती. कुणाला त्रास नाही, वही अर्धी कोरी, सूचना तिसऱ्यांदा सांगितल्यावर दचकायची. आम्ही सगळे म्हणायचो, “साधी आहे बिचारी.” तिची तपासणी करा असं मी कधीच कुणाला सांगितलं नाही. ती पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. आज विचार करते तेव्हा वाटतं, तिनेही वर्गात दंगा केला असता तर कदाचित मी तिच्या आईला बोलावलं असतं.

आणि हो, ‘तारे जमीन पर’ मधल्या मुलाला डिस्लेक्सिया होता, एडीएचडी नव्हे. पालकसभेत ही गल्लत नेहमी होते. दोन्ही अडचणी एकाच मुलात असू शकतात, पण त्या वेगळ्या आहेत.

डॉक्टरकडे जाण्याआधी

‘लक्ष देत नाही’ यामागे दहा कारणं असू शकतात. म्हणून आधी साध्या गोष्टी बघा.

१) कान आणि डोळे. आमच्या शाळेत एका मुलाचा कान सारखा फुटायचा. तो हाक मारल्यावर वळायचा नाही म्हणून ‘ऐकत नाही’ असा त्याचा लौकिक. तपासलं तर त्याला खरंच कमी ऐकू येत होतं! फळ्यावरचं न दिसणारं मूलही शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि बोलणी खातं.

२) झोप. रात्री घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं, उशिरापर्यंत मोबाईल बघणारं मूल दिवसा चिडचिडं आणि चुळबुळं होतं. अपुऱ्या झोपेने लहान मुलं पेंगतातच असं नाही, उलट जास्त दंगा करतात.

३) अंगात रक्त कमी असणं, सततचं आजारपण, सकाळी उपाशी येणं.

४) बोलता बोलता काही सेकंद एकटक बघत थांबणं आणि मग काहीच न झाल्यासारखं पुढे सुरू करणं. याला आपण ‘तंद्री’ म्हणतो. कधीकधी तो फिट्सचा एक प्रकार असतो. हे दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

५) घरातले बदल. भांडणं, स्थलांतर, कुणाचा मृत्यू, नवं भावंडं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची आठवण येणारं मूल वर्गात कुठे असणार? शरीराने बाकावर, मनाने फडात.

६) भाषा आणि वय. घरी वेगळी बोली किंवा वेगळी भाषा असेल तर मुलाला सूचना कळतच नाहीत. वयाचंही तसंच. एकाच पहिलीत जवळजवळ वर्षभराचं अंतर असलेली मुलं बसतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सर्वांत लहान असतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात असं दिसलं, की जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरमधल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान साधारण ३० टक्क्यांनी जास्त वेळा मिळालं होतं. म्हणजे नुसतं लहान असणं हेसुद्धा विकार समजलं जाऊ शकतं. मुलाची तुलना त्याच्या वयाच्या मुलांशी करा, वर्गातल्या सर्वांत मोठ्या मुलाशी नको.

नोंद कशी ठेवायची?

शिक्षक मित्रांनो, हा भाग आपल्यासाठी. वर्णनात्मक नोंदी आपण कशा लिहितो ते आपल्याला माहीत आहे. ‘चंचल आहे’, ‘अभ्यासात लक्ष देत नाही’, ‘सुधारणा आवश्यक’. ३१ मार्च जवळ आला की एका मुलाच्या नोंदी दुसऱ्याला. मीही केलंय, म्हणून बोलतेय. असल्या नोंदीतून डॉक्टरला काहीच कळत नाही.

दोन आठवडे फक्त जे दिसतं ते लिहा. तारीख, वेळ, काय चाललं होतं, मुलाने काय केलं, किती वेळ केलं, आपण काय केलं आणि पुढे काय झालं. उदाहरण देते. ‘११.२०, गणित. ५ उदाहरणं दिली. पहिलं बरोबर सोडवलं. दुसऱ्याला उठून खिडकीकडे गेला. जवळ बसवल्यावर आणखी दोन सोडवली. एकूण ७ मिनिटं बसला.’ या चार ओळींत किती गोष्टी आहेत बघा. गणित येतं, जवळ बसवल्यावर जमतं आणि स्वतःहून टिकत नाही.

चांगलंही लिहा. कशात रमतो? मातीकाम, गोष्ट, कबड्डी? पालकांनो, घरीही अशीच वही ठेवा. अंघोळ, जेवण, कपडे, अभ्यास, झोप या वेळांना काय होतं ते लिहा. लहानपणाचंही आठवून ठेवा. जन्माच्या वेळी काही अडचण होती का, चालायला आणि बोलायला कधी लागला, घरात आणखी कुणी असं होतं का? आजीला विचारा, तिला सगळं आठवत असतं.

एक सूचना. पालकांशी बोलताना ‘तुमच्या मुलाला एडीएचडी आहे’ असं कृपा करून म्हणू नका. तो शब्दच उच्चारू नका. “ताई, मला वर्गात असं असं दिसतंय, तुम्हाला घरी काय दिसतं?” इथून सुरुवात करा. आणि हे पालकसभेत चारचौघांत नको, मधल्या सुट्टीनंतर एकटीला बसवून बोला.

जायचं कुठं?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत एकदा येतं. ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी त्यात होते, आणि तपासायच्या यादीत एडीएचडी व अध्ययन अडचणीही आहेत. पण पथक येतं त्या दिवशी आपण काय करतो? मुलांची रांग लावतो, वजन-उंची भरून घेतो आणि खिचडीची वेळ झाली म्हणून घाई करतो. पथकातल्या डॉक्टरांना अर्ध्या तासात शंभर मुलांमधून हे कसं कळणार? यादी आपण आधी तयार ठेवायची. नोंदवही दाखवायची. पालकांना त्या दिवशी बोलावून घ्यायचं. पथकाकडून संदर्भ चिठ्ठी मिळाली की जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या डीईआयसीकडे, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जाता येतं. पथकाची वाट बघत बसायचंही कारण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा थेट जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते.

दुसरा मार्ग गटसाधन केंद्राचा. समग्र शिक्षाच्या समावेशित शिक्षणात विशेष शिक्षक असतात. तुमच्या केंद्रप्रमुखांकडून त्यांचा नंबर घ्या आणि शाळेत बोलवा. ते निदान करत नाहीत, पण वर्गात काय करायचं ते दाखवतात आणि पुढची वाट सांगतात.

तिसरा मार्ग मोठ्या शासकीय आणि महापालिका रुग्णालयांचा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग असतात. मुंबईत सायन, केईएम, नायर, पुण्यात ससून. आधी बालरोग विभागात दाखवा, तिथून पुढे पाठवतात.

खाजगीत जायचं असेल तर बालविकास तज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ शोधा. चाचण्या करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. विचारण्यात लाज नाही. खर्च किती, किती वेळा यावं लागेल, अहवाल लेखी मिळेल का, हेही आधीच विचारा. आणि कुठे जायचं हेच सुचत नसेल, किंवा स्वतःच खचून गेला असाल, तर १४४१६ ही टेलि-मानस हेल्पलाइन मोफत आहे.

तिथे काय होतं?

पुष्कळ पालकांना वाटतं, मेंदूचा फोटो काढतील आणि सांगतील. तसं नसतं. एडीएचडी दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, स्कॅनही नाही. डॉक्टर दुसरा आजार नाही ना हे बघायला तपासण्या सांगू शकतात, पण निदान होतं ते माहितीवरून.

आधी पालकांशी सविस्तर बोलणं होतं. मग मुलाशी बोलतात, खेळवतात, निरीक्षण करतात. पालकांना आणि शिक्षकांना वेगवेगळे प्रश्नावली-तक्ते देतात. व्हँडरबिल्ट, कॉनर्स अशी त्यांची नावं असतात. गरज वाटली तर बुद्धिमापन आणि वाचन-लेखनाची चाचणी होते. अध्ययन अक्षमतेची पक्की चाचणी साधारण ८ वर्षांनंतर, तिसरीच्या सुमारास करतात. त्यामुळे पहिलीतल्या मुलाला ‘थोडं थांबू’ असं त्याबाबत सांगितलं तर गैरसमज नको.

निकष कडक आहेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ ची नियमावली बरेच तज्ज्ञ वापरतात. लक्ष टिकवण्याबाबत ९ आणि चंचलता-उतावीळपणाबाबत ९ लक्षणं त्यात दिली आहेत. मुलांमध्ये एका गटातली निदान ६ लक्षणं किमान ६ महिने टिकलेली असावी लागतात. ती वयाला न शोभणारी असावीत. काही लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत. किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत असं, ती दिसावीत आणि त्यांच्यामुळे मुलाचं खरोखर अडत असावं. म्हणून फक्त शाळेत किंवा फक्त घरी त्रास असेल तर कारण बहुधा दुसरं असतं.

म्हणूनच आपला तक्ता महत्त्वाचा. तो हातात पडला की ‘आणखी एक कागद’ म्हणून सगळीकडे मधल्या रकान्यात बरोबरच्या खुणा करून देणारे सहकारी मी पाहिलेत. आपल्या त्या दोन मिनिटांच्या खुणांवर एका मुलाचं निदान होणार असतं. तक्ता इंग्रजीत असेल तर डॉक्टरांना फोन करून अर्थ विचारा, पण नीट भरा.

आणि एका भेटीत, दहा मिनिटांत, मुलाला धड न बघता कुणी ‘आहे’ म्हणून औषध लिहून दिलं तर दुसरं मत घ्या. तसंच दहा मिनिटांत ‘काही नाही, मोठा झाला की सुधारेल’ म्हणालं तरी दुसरं मत घ्या.

निदान झालं तर?

सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पहिला उपाय म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. मुलाला सूचना कशा द्यायच्या, चांगल्या वागण्याची लगेच दखल कशी घ्यायची, दिनक्रम कसा बांधायचा हे पालकांना शिकवतात. मोठ्या मुलांना त्याच्या जोडीने औषध लागू शकतं. औषध म्हणजे मुलाला झोपवून ठेवणं नव्हे. पण ते तज्ज्ञांच्याच देखरेखीखाली द्यायचं असतं, भूक, झोप, वजन यांवर लक्ष ठेवावं लागतं आणि मनाने सुरू-बंद करायचं नसतं. ‘एका महिन्यात मुळापासून बरा’ असली जाहिरात दिसली तर पैसे वाचवा.

वर्गात आपण काय करू शकतो? पुढे, दारा-खिडकीपासून लांब बसवणं. एका वेळी एकच सूचना. पाच उदाहरणं एकदम न देता दोन, मग दोन. फळा पुसणं, वह्या वाटणं अशी उठायची कामं मुद्दाम त्याला देणं. चुकल्यावर नावाने ओरडण्याऐवजी बाकावर हलकेच बोट टेकवणं. याला पैसे लागत नाहीत, आणि गंमत म्हणजे वर्गातल्या बाकीच्यांनाही याचा फायदा होतो.

प्रमाणपत्राबद्दलही एक स्पष्ट करते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी असा स्वतंत्र प्रकार नाही. त्यामुळे केवळ प्रमाणपत्रासाठी धावपळ करू नका. तपासणी करायची ती मुलाला समजून घेण्यासाठी.

‘शिक्का बसेल ना, मॅडम?’

हा प्रश्न हमखास येतो. काळजी खोटी नाही. आपल्या गावात ‘वेड्याच्या डॉक्टरकडे नेलं’ अशी कुजबुज होते. पण मी उलट विचारते. त्या मुलावर आत्ता शिक्का नाही का? ‘मठ्ठ’, ‘वांड’, ‘उनाड’, ‘बापाचं नाव घालवणार’ हे रोज त्याच्या कानावर पडतंय. त्यातला एकही शब्द कुणी तपासून दिलेला नाही. त्यापेक्षा निदानाच्या शब्दाबरोबर निदान काय करायचं हे तरी कळतं.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं आजोबा म्हणतात. होतं की. चौथीत नापास होऊन गुरांमागे गेलेली मुलं त्यांनीही पाहिली असतील.

तो माझ्या वर्गातला मुलगा? चार फेऱ्या आणि तीन महिन्यांच्या वर गेले. प्रत्येक फेरीला आईचा रोज बुडाला. दुसऱ्या फेरीला वडील स्वतः गेले. डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण पुढच्या सोमवारी शाळेत येऊन दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, मला वाटायचं मुद्दाम करतो.” मी म्हटलं, “दादा, मलाही तसंच वाटत होतं.”

चमत्कार झाला नाही. तिसरीतही पेन्सिल हरवत होतीच. मी कपाटात एक डबाच ठेवला त्याच्यासाठी. पण वाचायला लागला, मित्र झाले आणि वळ परत दिसले नाहीत.

येत्या आठवड्यात एवढंच करा. आपल्या वर्गातल्या त्या एका मुलाची, आणि खिडकीजवळच्या त्या शांत मुलीचीही, वही घाला. दोन आठवडे लिहा. मग त्यांच्या आईला बोलवा, आणि तिने “कुठं जायचं?” विचारलं तर गप्प राहू नका.